एका विषयाला दिलेले आयुष्य



आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो. एखादी मुलगी सांगते, "मी पीएचडी करतेय." विषय विचारला की उत्तर येते: एका लेणीसमूहातील शिलालेख, किंवा एका तालुक्यातील जमिनीच्या शंभर वर्षांच्या नोंदी, किंवा एकाच प्रथिनाची घडण. क्षणभर कुणाला काय बोलावे ते सुचत नाही. मग एखादे काका आपुलकीनेच विचारतात, "छान आहे बेटा. पण याचा समाजाला काय उपयोग?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखवली, ती आपण सर्वांनी ऐकली-वाचली आहे. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या मागे शाळेचा उंबरठा न ओलांडलेले आजी-आजोबा आहेत. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून आपण अमेरिकेपर्यंत पोहोचलो, त्यांना आपण काय परत दिले, हे विचारण्याचा अधिकार समाजाला आहेच.

तरीही हा प्रश्न आपण ज्या घाईने विचारतो आणि ज्या घाईने त्याचे उत्तर "काही नाही" असे ठरवून टाकतो, त्याचा धम्माच्या प्रकाशात विचार करायला हवा. डोळ्यांसमोर एवढे दुःख असताना एका माणसाने वीस-तीस वर्षे एकाच ग्रंथाला, एकाच प्रश्नाला द्यावीत, हे योग्य आहे का? ही करुणेपासून पळवाट आहे, की करुणेचेच एक रूप आहे? या लेखात मी याच प्रश्नाचा शोध घेणार आहे.

संघाने वाटून घेतलेले ओझे

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. अध्यक्षस्थानी महाकाश्यप होते. त्यांनी धम्माविषयीचे प्रश्न आनंदाला विचारले आणि विनयाविषयीचे उपालीला. उपाली म्हणजे शाक्यांचा न्हावी. शाक्य राजपुत्रांच्या आधी त्याला प्रव्रज्या मिळाली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावे, ही कथा आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. पण पुढची गोष्ट आपण कमी सांगतो. हा उपाली विनय या एका विषयाचा सर्वश्रेष्ठ जाणकार झाला. खुद्द तथागतांनी त्याला विनयधरांत अग्र म्हटले. पाचशे अर्हतांच्या सभेत नियमांबद्दलचा अखेरचा शब्द एका न्हाव्याचा मानला गेला, कारण त्या विषयात त्याच्याइतके खोल दुसरे कुणी उतरले नव्हते. जातीने ज्याला वस्तरा दिला होता, त्याला एका विषयाच्या सखोल ज्ञानाने संघाच्या मध्यभागी आणून बसवले.

पुढे संघाने हीच पद्धत वाढवली. सगळा त्रिपिटक एका माणसाच्या स्मरणात मावणे कठीण. म्हणून कुणी दीघनिकाय पाठ केला, कुणी मज्झिमनिकाय, कुणी संयुत्त. त्यांना दीघभाणक, मज्झिमभाणक अशी नावे पडली. एकेका भिक्षूने आपला जन्म एका निकायाला दिला. कार्ल्याच्या चैत्यगृहात एका स्तंभावर लेख आहे. सोपाऱ्याच्या एका भाणकाने तो स्तंभ दान दिल्याचे त्यात कोरलेले आहे. सोपारा म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळचे प्राचीन बंदर. लोकलने विरारकडे जाताना ज्या स्टेशनवर आपण कितीदा उतरलो असू, तिथे दोन हजार वर्षांपूर्वी असा एक माणूस राहत होता, ज्याची ओळखच मुळी बुद्धवचन पाठ करून सांगणारा अशी होती.

म्हणजे एका विषयात आयुष्य घालवणारे लोक धम्माला परके नाहीत. त्यांच्याच मुखातून धम्म आपल्यापर्यंत आला.

बाण आणि वैद्य

पण धम्मातच याच्या विरुद्ध बाजूही तितक्याच ठामपणे मांडलेली आहे, आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

मालुंक्यपुत्ताची गोष्ट घ्या. विषारी बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कुणी मारला, त्याची जात कोणती, धनुष्य कशाचे, दोरी कशाची, हे कळेपर्यंत मी बाण काढू देणार नाही. तो तसाच मरून जाईल. शिंशपावनातील गोष्ट घ्या. तथागतांनी मूठभर पाने हातात घेऊन सांगितले की मला जे ठाऊक आहे ते या वनातील पानांइतके आहे, पण तुम्हाला सांगितले ते मुठीतल्या पानांइतकेच, कारण दुःखमुक्तीला तेवढेच लागते. धम्मपदाच्या पहिल्याच वग्गात गुराख्याचा दृष्टांत आहे. दुसऱ्याच्या गाई मोजणाऱ्याला दूध मिळत नाही, तसे पुष्कळ वचने मुखोद्गत करून आचरण न करणाऱ्याला श्रामण्याचा वाटा मिळत नाही.

पोठिल नावाच्या थेराची कथा तर आणखी बोचणारी आहे. तो शेकडो भिक्षूंना धम्म शिकवायचा. तथागत त्याला "रिकामा पोठिल" म्हणून हाक मारू लागले. येताना, जाताना, बसताना, उठताना तीच हाक. शेवटी तो महाविद्वान वनात गेला आणि सात वर्षांच्या एका सामणेराकडून साधना शिकला.

हे सारे वाचून वाटते की काकांचा प्रश्न बरोबरच आहे. बाणाचे लाकूड कोणते, यावर पाचशे पानांचा प्रबंध लिहिणारा माणूस मालुंक्यपुत्ताचाच वारसदार नाही का?

इथे जरा थांबून त्या दृष्टांतातील एका माणसाकडे पाहू या. आपण नेहमी जखमी माणसाबद्दल बोलतो. बाण काढायला आलेल्या वैद्याबद्दल बोलत नाही. तो कुठून आला? बाणाचे टोक काटेरी असेल तर ते सरळ ओढायचे नाही, विष कोणते असेल तर काय लावायचे, हे त्याला कसे ठाऊक? कुणीतरी कधीतरी, जेव्हा समोर कुणी तडफडत नव्हते, तेव्हा वर्षानुवर्षे बाणांचा आणि विषांचा अभ्यास केला असणार. जखमी माणसाने ते प्रश्न विचारत बसणे हा मूर्खपणा आहे. वैद्याने ते प्रश्न आधीच विचारलेले नसणे हा त्याहून मोठा अपराध आहे.

तथागतांचा आक्षेप ज्ञानावर नव्हता. उपचार पुढे ढकलण्यासाठी ज्ञानाची ढाल करण्यावर होता. म्हणून कोणत्याही अभ्यासकाबद्दल पहिला प्रश्न "विषय किती लहान?" हा नसावा. "हा अभ्यास कुणाचा तरी बाण काढण्याच्या वाटेवर आहे, की ती वाट टाळण्यासाठी आहे?" हा असावा.

विशुद्धिमार्गाचे दोन सेवक

आपण अमेरिकेत राहतो, म्हणून इथल्याच मातीतले एक उदाहरण सांगतो.

पाचव्या शतकात श्रीलंकेच्या अनुराधपुरात आचार्य बुद्धघोषांनी 'विसुद्धिमग्ग' लिहिला. शील, समाधी, प्रज्ञा यांचा तो सविस्तर मार्गदर्शक ग्रंथ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा ग्रंथ ताडपत्रांवर, सिंहली आणि बर्मी लिप्यांत होता. हार्वर्ड विद्यापीठाजवळ राहणारे हेन्री क्लार्क वॉरन यांनी त्याची शुद्ध संहिता तयार करण्याचे काम हाती घेतले. वॉरन यांचा जन्म १८५४ चा. लहानपणीच्या अपघातात त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि शारीरिक वेदना जन्मभर सोबत राहिली. १८९६ साली त्यांनी पाली वेच्यांच्या इंग्रजी अनुवादाचे पुस्तक प्रसिद्ध केले. पण मनातला खरा विषय विसुद्धिमग्गच होता. १८९९ च्या आरंभी, ते काम अपुरे ठेवून, ते वारले.

त्याच १८९९ साली गोव्याच्या साखवाळ गावचा तेवीस वर्षांचा एक तरुण बुद्ध समजून घ्यायचा या एकाच ध्यासाने घर सोडण्याच्या बेतात होता. त्याचे नाव धर्मानंद कोसंबी. काशीला संस्कृत, मग नेपाळ, मग श्रीलंकेत कोलंबोच्या विद्योदय परिवेणात आचार्य सुमंगल यांच्याकडे पाली, पुढे ब्रह्मदेश. खिशात पैसे नाहीत, प्रकृती तोळामासा. कलकत्त्याला विद्यापीठात नोकरी मिळाली. तीही पुढे सोडली, आणि महाराष्ट्रात राहून पालीचा प्रसार करता यावा म्हणून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून मिळणाऱ्या दरमहा ५० रुपयांवर ते राहिले.

१९१० साली कोसंबी हार्वर्डला आले, वॉरन यांचे अपुरे काम पुढे नेण्यासाठी. शब्दाला शब्द, पाठाला पाठ लावून पाहण्याचे ते काम. संपादनाचे श्रेय कुणाच्या नावे लागावे यावरून तिथे मतभेद झाले आणि १९१२ साली ते परत गेले. राग धरून त्यांना ते काम कायमचे सोडता आले असते. पण १९१८ साली ते पुन्हा आले. १९२६ साली पुन्हा. १९३१ साली चौथ्यांदा. बोटीने, महिना-महिना प्रवास करून, एका ग्रंथासाठी.

हार्वर्डची ती आवृत्ती अखेर १९५० साली छापून आली. वॉरन जाऊन एक्कावन्न वर्षे झाली होती. कोसंबी १९४७ साली सेवाग्रामला गेले होते. ज्या दोघांनी ती घडवली, त्यांपैकी एकानेही ते छापील पुस्तक हातात धरले नाही. कोसंबींनी मात्र वाट पाहत न बसता १९४० साली मुंबईहून त्याच ग्रंथाची देवनागरी आवृत्ती काढली होती, म्हणजे आपल्या लोकांना तो आपल्या लिपीत वाचता येईल.

अनात्म म्हणजे काय, हे समजावून सांगायला आपण पुष्कळ शब्द वापरतो. मला हे उदाहरण पुरेसे वाटते. बोस्टनचा एक श्रीमंत, दुखणाईत गृहस्थ आणि गोव्याचा एक कफल्लक तरुण. ते कधी भेटले नाहीत. एकाने जिथे लेखणी ठेवली, तिथून दुसऱ्याने उचलली. काम कुणाचेच राहिले नाही, म्हणून ते सर्वांचे झाले.

पण या गोष्टीचा दुसरा भाग झाकून ठेवू नये. कोसंबींनी घर सोडले तेव्हा घरी पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती. त्यांच्या ध्यासाची किंमत बाळाबाईंनीही मोजली आणि कोणत्याही मुखपृष्ठावर त्यांचे नाव नाही. तथागतांच्या गृहत्यागाबाबत यशोधरेचा प्रश्न आपण विचारतो, तो इथेही विचारायला हवा. एका विषयाला दिलेले आयुष्य हे बहुतेक वेळा एकाच माणसाचे आयुष्य नसते. आजही कुणाची तरी पत्नी, कुणाचा तरी पती, कुणाची तरी आई रात्री जेवण झाकून ठेवते आणि कुणीतरी ग्रंथालयात बसते. अभ्यासकाने हे ऋण डोळ्यांसमोर ठेवावे. ते दिसेनासे झाले की ज्ञानाची साधना हळूहळू स्वार्थ बनते.

उपयोग कधी कळतो?

आता काकांच्या प्रश्नाकडे परत येऊ. समाजाला काय उपयोग?

कोसंबींच्या पाली अभ्यासातून 'भगवान बुद्ध' हा मराठी ग्रंथ आला. त्यात त्यांनी दाखवले की म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी ही चार दृश्ये पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा मूळ सुत्तांत विपस्सी बुद्धाच्या चरित्रात येते. गौतमाच्या गृहत्यागाचे कारण शोधताना त्यांनी सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे लक्ष वेधले, जिथे माणसे एकमेकांशी भांडताना पाहून आलेला उद्वेग आहे. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही सिद्धार्थ चार दृश्ये पाहून पळत नाही. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उठलेल्या युद्धाला विरोध करून तो घराबाहेर पडतो. आज आपण वर्षावासात मुलांना हीच गोष्ट सांगतो. जगाला घाबरलेला राजपुत्र आणि युद्धाला नकार देणारा तरुण यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. जुनी सुत्ते एकेक शब्द तपासून वाचणारी माणसे नसती, तर हे अंतर दाखवायला आधार कुठून आणला असता?

१८९८ साली कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे मराठीतील बुद्धचरित्र प्रसिद्ध झाले. त्या दिवशी कुणी विचारले असते, "याचा उपयोग काय?", तर केळुसकरांना काय सांगता आले असते? नऊ वर्षांनी, १९०७ साली, त्यांनी ते पुस्तक मॅट्रिक पास झालेल्या एका मुलाला भेट दिले. तो मुलगा भीमराव होता. मद्रासमध्ये विज्ञान शिकवणाऱ्या पी. लक्ष्मी नरसू यांनी बौद्ध धम्माच्या सारावर एक पुस्तक त्याच १९०७ साली काढले. एक्केचाळीस वर्षांनी, १९४८ साली, त्याच्या नव्या आवृत्तीला बाबासाहेबांनी प्रस्तावना लिहिली.

आणि स्वतः बाबासाहेब? आपण त्यांच्याकडे सर्व विषयांचे महासागर म्हणून पाहतो. पण त्यांची सुरुवात अरुंद विषयांनी झाली. लंडनमध्ये त्यांनी प्रबंध लिहिला तो रुपयाच्या प्रश्नावर. १९२३ साली तो पुस्तकरूपाने आला. विचार करा. गावात आपल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी मिळत नाही, आणि हा माणूस लंडनच्या ग्रंथालयात रुपया आणि सोन्याचे नाते तपासत बसला आहे. त्या वेळी कुणी "समाजाला काय उपयोग?" असे विचारले असते तर ते अगदी साहजिक ठरले असते. १९२५ साली भारताच्या चलनाचा विचार करण्यासाठी हिल्टन यंग आयोग आला, तेव्हा त्याच्यासमोर साक्ष द्यायला बाबासाहेब उभे राहिले. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एका प्रश्नाचा तळ गाठेपर्यंत न सोडण्याची जी सवय त्या प्रबंधाने अंगी बाणली, तीच पुढे 'शूद्र पूर्वी कोण होते?' (१९४६) आणि 'अस्पृश्य मूळचे कोण?' (१९४८) या प्रश्नांमागे उभी राहिली. या दोन्ही पुस्तकांत प्रश्न एकच आहे, आणि पाने शेकडो.

अर्थात प्रत्येक अभ्यास असा फळतोच असे नाही. कोपनहेगनमध्ये १९२४ साली एका मोठ्या चिकित्सक पाली शब्दकोशाचे प्रकाशन सुरू झाले. व्हिल्हेल्म ट्रेंकनर या विद्वानाने मृत्यूपूर्वी जमवलेल्या नोंदी हा त्याचा पाया होता. अनेक पिढ्यांनी त्यावर काम केले. २०११ साली तो कोश 'क' अक्षरात असतानाच थांबला. सत्याऐंशी वर्षे, आणि वर्णमाला 'क' पुढे गेली नाही. याला अपयश म्हणायचे का? कोश म्हणून तो अपुरा आहे, हे खरे. पण त्यातला जो शब्द तपासून झाला, तो झाला. पाली वाचणारा आजही तो शब्द तिथे जाऊन पाहू शकतो. सम्यक व्यायामात प्रयत्न सांगितला आहे, निकालाची हमी सांगितलेली नाही. उपयोग होईलच अशी खात्री मागणे हे अभ्यासकावर अन्यायाचे आहे. उपयोग व्हावा अशी इच्छा, आणि तो होईल असे काम, एवढेच आपण मागू शकतो.

साप कसा धरावा

मज्झिमनिकायात अलगद्दूपम नावाचे सुत्त आहे. साप पकडायला निघालेल्या माणसाने त्याला शेपटीने धरले, तर साप उलटून चावतो. मानेशी नीट धरला तर चावत नाही. तथागत सांगतात, धम्माचा अभ्यासही असाच आहे. दुसऱ्यांना वादात हरवण्यासाठी किंवा टीकेतून सुटण्यासाठी शिकलेला धम्म शिकणाऱ्यालाच चावतो. त्याच सुत्तात पुढे तराफ्याचा दृष्टांत येतो. नदी ओलांडून झाल्यावर तराफा डोक्यावर घेऊन हिंडायचे नसते.

एका विषयाच्या अभ्यासकासाठी यापेक्षा नेमकी कसोटी मला माहीत नाही. तुम्ही असे अभ्यासक असाल, किंवा होणार असाल, तर स्वतःला काही प्रश्न विचारा. माझी चूक दुसऱ्याने दाखवली तर मला आनंद होतो का, की त्याचे तोंड पाहावेसे वाटत नाही? माझ्या विषयात दुसरा कुणी आला तर मला सोबती मिळाला असे वाटते, की घरात चोर शिरल्यासारखे वाटते? जे मला इतक्या वर्षांत कळले, ते मी माझ्या आईला तिच्या भाषेत सांगू शकतो का? मी गेल्यावर माझ्या नोंदी दुसऱ्याला लागतील अशा ठेवल्या आहेत का?

या प्रश्नांची उत्तरे नकारार्थी येत असतील, तर विषय कितीही पवित्र असो, साप शेपटीने धरला गेला आहे. बुद्धावर लिहिणाराही अहंकारात बुडू शकतो, आणि डासाच्या एका जातीवर तीस वर्षे काम करणारा अनासक्त असू शकतो. विषयाच्या नावावरून हे ठरत नाही.

एकाच मुखात उरलेले

आता थोडे आपल्याबद्दल, म्हणजे जे अभ्यासक नाहीत त्यांच्याबद्दल.

विनयाच्या अट्ठकथेत श्रीलंकेतील एक गोष्ट आहे. भयंकर संकटाच्या काळात संघ विखुरला होता. 'महानिद्देस' हा ग्रंथ पाठ असणारा एकच भिक्षू उरला होता, आणि तो शीलाने चांगला नव्हता. एका थेरांनी महारक्षित नावाच्या भिक्षूला सांगितले, त्याच्याकडून तो ग्रंथ शिकून घे. महारक्षिताने नकार दिला, म्हणाला, तो माणूस दुराचारी आहे असे ऐकतो. थेर म्हणाले, मी तुझ्याजवळ बसेन, पण शिक. मग रात्रंदिवस बसून त्याने तो ग्रंथ उतरवून घेतला, आणि पुढे तो इतरांकडे गेला.

या कथेने मला दोन गोष्टी दिल्या. एक, ज्ञान आणि शील नेहमी एकाच घरी राहत नाहीत, म्हणून विद्वानाला आपोआप पूजनीय मानू नये. दोन, ज्ञान एकाच मुखात उरू देणे हा त्या एका माणसाचा दोष नाही, तो संघाचा दोष आहे. इतकी वेळ येईपर्यंत बाकीचे काय करत होते?

त्याच संकटानंतर श्रीलंकेच्या भिक्षूंत वाद झाला की शासनाचे मूळ कोणते, परियत्ती म्हणजे अभ्यास, की पटिपत्ती म्हणजे आचरण? निर्णय परियत्तीच्या बाजूने लागला. काहींना हा निर्णय खटकतो. मला तो असा समजतो: मूळ म्हणजे फळ नव्हे. मूळ कुणी खात नाही. पण ते मेले की पुढच्या वर्षी फळ येत नाही.

आपल्या समाजात आज अशा किती गोष्टी एकाच मुखात उरल्या आहेत? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला ज्यांनी दीक्षा घेतली, त्यांपैकी त्या दिवशी वीस वर्षांचे असलेले लोक आता नव्वदीच्या घरात आहेत. घरातले देव त्यांनी कसे काढले, कोणत्या नदीत सोडले, सासूशी काय बोलणे झाले, गावाने काय केले, हे त्यांनाच ठाऊक आहे. आंबेडकरी जलशांतली कितीतरी पदे कुणाच्या तरी जुन्या वहीत किंवा नुसत्या आठवणीत आहेत. आपल्या आधी या देशात आलेल्या आपल्या माणसांची पत्रे अडगळीत पडली आहेत. यातला एकेक विषय एका आयुष्याचा आहे. "विदर्भातील एका तालुक्यातील दीक्षेच्या आठवणी" असे प्रबंधाचे नाव ऐकले तर काका पुन्हा विचारतील, "एवढ्याच तालुक्याच्या?" हो, एवढ्याच. सगळ्यांचे थोडे-थोडे लिहिणारे बरेच आहेत. एका तालुक्यातल्या प्रत्येक गावी जाऊन, प्रत्येक आजीजवळ बसून, खरे-खोटे ताडून लिहिणारा हवा आहे.

आपल्या हातात काय आहे

म्हणून तुम्हाला एक विनंती. पुढच्या वेळी मंडळाच्या कार्यक्रमात कुणा मुलीने आपला छोटासा, चमत्कारिक विषय सांगितला, तर "उपयोग काय?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. आधी विचारा, "तुला नेमके काय शोधायचे आहे?" मग विचारा, "हे तू आम्हाला कधी समजावून सांगशील?" पहिल्या प्रश्नाने तिला कळेल की तुम्ही ऐकत आहात. दुसऱ्याने तिला कळेल की समाजाचे तिच्यावर ऋण आहे आणि ते कसे फेडायचे आहे. मग तिला मंडळात खरोखर बोलवा, तासभर वेळ द्या, आणि जेवणाची घाई करू नका.

पुस्तके विकत घ्या. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी होते, ती आपल्या समाजाची फार मोठी श्रीमंती आहे. ती सवय इथे परदेशात विसरायला नको. ग्रंथाला हार घालणे सोपे आहे. त्याची पाने उलटणे आणि लिहिणाऱ्याला चार ओळींचे पत्र पाठवणे हेही काही अवघड नाही. ज्या घरात पाच वर्षे एका पगारावर भागवून कुणी तरी अभ्यास करत आहे, त्या घराला शक्य असेल तर हातभार लावा. जुन्या काळी दायकांनी लेणी खोदवून दिली, भिक्षूंना वर्षावासाची सोय केली, म्हणून भाणकांना पाठ करत बसता आले. दायक आणि भाणक मिळूनच संघाचे काम झाले.

आणि तुमच्याकडे भारतातून आजी-आजोबा सहा महिन्यांसाठी राहायला आले असतील, तर या रविवारी फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून त्यांच्याजवळ बसा. १९५६ साली ते कुठे होते, काय पाहिले, काय ऐकले, एवढेच विचारा. प्रबंध लिहिणारा उद्या येईल. तोवर ती आठवण एकाच मुखात राहू देऊ नका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.